आहे, नाही, आहे: पार्किन्सनच्या एका निदानाचं प्रकरण

हे प्रकरण माझ्याच दवाखान्यातलं आहे. ओळख पटू नये म्हणून घरचे तपशील बदललेत. औषधं, घटनाक्रम आणि माझ्या चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

काकी तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. गाव वेंगुर्ला तालुक्यात, समुद्राला लागून. थोडे माड, थोडी काजूची कलमं, घरात निवृत्त काका, धाकटा मुलगा आणि सून. थोरला मुंबईला, जत्रेला आणि चतुर्थीला येणारा. ब्लडप्रेशरची एक गोळी सोडली तर काकींना मोठा आजार नव्हता.

मी एमडी मेडिसिन आहे. आमच्या भागात न्यूरोलॉजिस्ट गाठायचा तर गोव्यातलं बांबोळी, कोल्हापूर, बेळगाव, नाहीतर रात्रीच्या गाडीने मुंबई. त्यामुळे हात थरथरणारा माणूस आधी माझ्यासारख्याकडेच येतो आणि त्याच्या कागदावर पहिला शब्द बहुतेक वेळा आम्हीच लिहितो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये काका त्यांना घेऊन आले. दिवस बाजाराचा, बाहेर तीसेक माणसं. काकी म्हणाल्या, "माका कंप नाय. आडाळ्यार बसलंय काय थोड्या वेळान हात दमता." आडाळो म्हणजे नारळ खवायची विळी. पुढचं काकांनी सांगितलं: चाल मंदावली, पावलं आखूड पडतात, ब्लाऊजचे हूक सून लावते, आवाज बारीक झालाय.

तपासलं. चेहरा थिजलेला, पापण्या क्वचित लवत होत्या. उजवं मनगट फिरवताना, डाव्या हाताची मूठ उघडमीट करायला लावली की दातेरी चाकासारखा अडथळा लागत होता. शंभरपासून उलटे आकडे मोजायला सांगितल्यावर मांडीवरचा उजवा अंगठा हलू लागला. हालचाली दोन्हीकडे मंद, उजवीकडे जास्त. चालताना उजवा हात झुलत नव्हता.

"दुसऱ्या कुठल्या गोळ्या घेता?" मी विचारलं. "नाय. बीपीची एकच."

मी "पार्किन्सन" लिहिलं. सगळं मिळून बारा मिनिटं लागली असतील.

अडचण

लेवोडोपा-कार्बिडोपा सुरू केलं, म्हणजे मेंदूत जाऊन डोपामिन (हालचालींचे निरोप नेणारं रसायन) बनणारं पार्किन्सनचं मुख्य औषध. आधी अर्धी गोळी तीनदा, मग एक-एक, म्हणजे दिवसाला ३०० मिलिग्रॅम लेवोडोपा. आठ आठवड्यांनी काकींना मळमळ तेवढी वाढली होती. हात तसाच.

हाताने तपासून, डोळ्याने बघून डॉक्टरला जे दिसतं ते पार्किन्सोनिझम, म्हणजे मंदपणा, ताठरपणा आणि स्थिर असताना येणारा कंप यांची एकत्र घडण. ती कशामुळे झाली हे त्या घडणीवर लिहिलेलं नसतं. मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी झिजल्या तर तो पार्किन्सन. पण डोपामिन पोचूनही औषधाने त्याची वाट अडवली तरी माणूस तसाच दिसतो. मल्टिपल सिस्टिम अॅट्रॉफी किंवा प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी यांसारखे दुसरे आजारही सुरुवातीची एक-दोन वर्षं हुबेहूब तसेच वागू शकतात.

जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये पहिलं वर्णन लिहिलं ते सहा जणांवरून. त्यातले काही तर त्यांनी रस्त्यातच पाहिले होते. दोनशे वर्षं झाली, आमचं मुख्य हत्यार अजून नजरच आहे. ती किती चालते हे मृत्यूनंतर मेंदू तपासून मोजलं गेलंय. लंडनच्या ब्रेन बँकेतल्या १०० जणांचा अभ्यास १९९२ मध्ये आला. हयातीत सगळ्यांचं निदान पार्किन्सन होतं, मेंदूत तो ७६ जणांचाच निघाला. २०१६ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला तेव्हा अचूकता ८० टक्क्यांच्या आसपास आली. या विषयातले तज्ज्ञ नसलेल्यांची ७४ च्या जवळ. मी या दुसऱ्या गटात मोडतो. सगळ्यात बोचरा आकडा २०१४ च्या अमेरिकी अभ्यासाचा. आजाराला पाच वर्षं पुरी न झालेल्या, औषधाने फरक पडलेल्या रुग्णांतही निम्म्याहून थोडीच जास्त, ५३ टक्के, निदानं खरी ठरली. आजार जुना झाला की तोच आकडा ८५ च्या वर जातो. नवा रुग्ण पाहताना आपण सगळ्यात कमी खात्रीच्या जागी उभे असतो आणि कागदावर नेमकं तेव्हाच ठाम लिहितो.

हे सगळं मला नोव्हेंबरमध्येही माहीत होतं. माहिती असणं आणि बाजाराच्या दिवशी ती आठवणं यात फरक आहे.

जानेवारी २०२३ मध्ये थोरला मुलगा जत्रेला आला होता. तो आईला घेऊन आला, हातात दुकानाची प्लास्टिकची पिशवी. घरात सापडतील त्या सगळ्या स्ट्रिप त्याने भरून आणल्या होत्या. चक्करची सिनारिझिनची गोळी होती, लागेल तशी घेत होत्या. आणि रोज सकाळी अनशापोटी घ्यायची गॅसची कॅप्सूल. तीत अॅसिडच्या औषधाबरोबर लेवोसल्पिराइड. तळाशी घडी फाटत आलेली एक चिठ्ठी: जानेवारी २०२१, "१५ दिवस". अक्षर माझं.

पंधरा दिवसांची कॅप्सूल काकींनी दोन वर्षं घेतली होती. मेडिकलवाला रिकामी स्ट्रिप बघून नवी देत गेला. "आधी का नाही सांगितलं?" म्हटलं तर म्हणाल्या, "गॅसच्या गोळयेक औषध कोण म्हणता?"

लेवोसल्पिराइड जठराला पुढे ढकलतं ते डोपामिनचे रिसेप्टर, म्हणजे पेशींवरच्या त्याच्या बसायच्या जागा, अडवून. पण ते जठरापाशीच थांबत नाही, मेंदूतही जातं. सिनारिझिनचंही तेच. साठीच्या पुढच्या बायकांमध्ये या औषधांनी पार्किन्सोनिझम होतो, हे आम्ही परीक्षेला पाठ केलेलं असतं. औषधाने झालेला त्रास दोन्ही बाजूंना सारखा असतो हेही पाठ असतं आणि तेवढं मात्र पूर्ण खरं नाही. बऱ्याच जणांत तो एका बाजूला जास्त दिसतो, कधी कंपासकट. काकींची उजवी बाजू जास्त होती म्हणून मी नोव्हेंबरमध्ये औषधाचा विचारच केला नव्हता.

समोरचे पर्याय

मुलाचं म्हणणं होतं सरळ मुंबईला नेऊन स्कॅन करू. ट्रोडॅट नावाचा स्कॅन डोपामिनच्या मज्जातंतूंची टोकं शाबूत आहेत का ते दाखवतो. निव्वळ औषधाचा परिणाम असेल तर तो नॉर्मल यायला हवा, पार्किन्सनमध्ये उतरलेला दिसतो. खर्च, प्रवास आणि दोन दिवस मुंबईत. मी म्हटलं, आरोपी पिशवीत सापडलाय, आधी तो काढून तर बघू. काका लगेच तयार झाले, त्यांना रेल्वेचा प्रवास नको होता.

दुसरा पर्याय लेवोडोपा वाढवण्याचा. उपयोग झाला नाही असं म्हणायला निदान ६०० मिलिग्रॅमपर्यंत जाऊन पाहावं लागतं, मी निम्म्यावर थांबलो होतो. पण रिसेप्टर अडवणारं औषध पोटात असताना लेवोडोपा वाढवणं म्हणजे दाराला कडी घालून पाहुण्यांना हाका मारणं.

राहिला तिसरा: दोन्ही औषधं बंद करून सहा महिने वाट पाहायची. हा बरोबर होता आणि मी तोच निवडला. घोटाळा पुढच्या पायरीवर झाला. लेवोडोपाचं काय करायचं? तेही मी दोन आठवड्यांत उतरवत बंद केलं. एका वेळी एकच गोष्ट बदलावी हा नियम मी विद्यार्थ्यांना सांगतो. इथे एकदम तीन बदलल्या.

काय केलं

मेडिकलवाल्याला स्वतः जाऊन भेटलो. तो ओशाळला, मीही ओशाळलो, दोघांनी चहा घेतला. काकींना पोटासाठी साधं अँटॅसिड आणि रात्रीचं जेवण लवकर. पहिले तीन आठवडे गॅसने जीव नकोसा झाला, दोनदा फोन आला. मग उतार पडू लागला. मार्चमध्ये चेहरा हलू लागला, मे २०२३ मध्ये काकी एकट्या पायऱ्या चढून दवाखान्यात आल्या. कंप नाही, पावलं मोठी. उजवं मनगट मात्र डावी मूठ उघडमीट केली की किंचित अडायचं. मी तिकडे काणाडोळा केला.

कागदावर लिहिलं: "औषधजन्य. पार्किन्सन नाही." खाली रेघ मारली. घरच्यांनी देवळात गाऱ्हाणं घालून नारळ ठेवला. मी तालुक्यातल्या डॉक्टरांच्या बैठकीत ही गोष्ट जरा रंगवूनच सांगितली. लेवोसल्पिराइडबद्दल सगळ्यांना सावध केलं, त्याचा पस्तावा नाही. शेवटच्या रेघेचा आहे.

सोळा महिन्यांनंतर

२०२३ ची चतुर्थी उत्तम गेली. २०२४ च्या चतुर्थीनंतर काका एकटेच आले. म्हणाले, "हिचो नारळ खवण्याचो आवाज बदललो."

मला कळेना. त्यांनी समजावलं. ते सकाळी पडवीत डोळे मिटून बसतात, आत स्वयंपाकघरात खवणं चालू असतं. "पयलो आवाज लांब येता, मगे आखूड आखूड होत जाता. मगे थांबता. परत पयलो लांब." टेबलावर बोटाने त्यांनी तो ताल वाजवूनही दाखवला.

पार्किन्सनमधला मंदपणा म्हणजे नुसतं हळू होणं नव्हे. तीच हालचाल पुन्हा पुन्हा करताना ती दर खेपेला लहान होत जाते. त्यासाठीच अंगठ्यावर तर्जनी आपटून बघायला सांगतात. मोठी उघडून, भराभर, निदान दहा वेळा. २०२२ मध्ये मी पाच-सहा टकटकीवर थांबलो होतो. एका वाटीला शंभरेक वेळा हात खाली-वर जातो, यापेक्षा चांगली चाचणी माझ्याकडे नव्हती आणि ती वर्षभर त्या घरात रोज सकाळी चालू होती.

या वेळी दुपारची वेळ देऊन सगळ्यांना बोलावलं. चाळीस मिनिटं घेतली, प्रत्येकाला वेगळं विचारलं. तीन गोष्टी निघाल्या, तिन्ही जुन्या.

सून म्हणाली, "बांगडे कुसले तरी ह्यांका वास येणा नाय." हे मी २०२२ मध्येही ओझरतं ऐकलं होतं आणि कोविडच्या खात्यावर टाकलं होतं. आता तारखा जुळवल्या. काकींना कोविड झाला तौक्ते वादळानंतर, म्हणजे २०२१ च्या पावसाळ्यात. वास गेला होता त्याच्या आदल्या वर्षीच्या शिमग्यात. सुनेला पक्कं आठवत होतं, कारण तेव्हा दूध करपून घरभर वास सुटला तरी सासूबाई चुलीपाशीच बसून होत्या. पार्किन्सनमध्ये वास हात अडायच्या कितीतरी आधी जाऊ शकतो. निव्वळ औषधाच्या पार्किन्सोनिझममध्ये तो बहुधा शाबूत राहतो. खात्री करायला पुढच्या खेपेला कॉफी, हिंग आणि सुकटीची पुरचुंडी मागवली. सुकट उघडताच कंपाउंडर खिडकीकडे गेला. काकी डोळे मिटून म्हणाल्या, "कायतरी आसा, पण काय तां कळणा नाय."

काकांनी हसत हसत दुसरी गोष्ट सांगितली. "मी तीन वर्सां पडवेत निजतंय. हिच्या लाथा कोण खातलो!" काकी झोपेत ओरडतात, हातपाय झाडतात, स्वप्नातल्या माणसाशी भांडतात. वास जाण्यासारखंच हेही पार्किन्सनच्या कितीतरी आधी सुरू होऊ शकतं. पडवीत झोपायचं कारण मी उकाडा समजत होतो. विचारलं नव्हतं.

तिसरी गोष्ट कोणी सांगितलीच नसती. सुनेने "२०२३ मध्ये आणखी काही दिलं होतं का" यावर जरा थांबून सांगितलं: कुडाळकडच्या मावशीने खाजकुइलीच्या बियांची पूड पाठवली होती. फेब्रुवारी ते एप्रिल, रोज दुधातून. मग पोट बिघडायला लागलं म्हणून बंद. डॉक्टर रागावतील म्हणून बोलले नाहीत.

खाजकुइली इथे कुंपणाकुंपणाला असते. शेंगेची लव अंगाला लागली की माणूस दिवसभर खाजवतो. तिच्या बियांत लेवोडोपा असतं, १९३७ मध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते त्यातून वेगळं काढलं होतं. आयुर्वेदात कंपवातासाठी तिचा वापर त्याहून कितीतरी जुना. म्हणजे मी ज्या महिन्यांत लेवोडोपा बंद करून "बघा, नुसती गॅसची कॅप्सूल थांबवली आणि फरक पडला" म्हणत होतो, त्याच महिन्यांत काकी दुधातून लेवोडोपा घेत होत्या. किती सुधारणा कॅप्सूल थांबल्याची आणि किती पुडीची हे आता कोणीच सांगू शकणार नाही. रिसेप्टर मोकळे झाले होते, त्यामुळे पुडीला वाटही मोकळी मिळाली असणार. पूड थांबल्यावरही वर्षभर काकी बऱ्या राहिल्या, यावरून मोठा वाटा कॅप्सूलचाच असावा असं मला वाटतं. पण वाटतं एवढंच.

दुसऱ्यांदा निर्णय

आता दोन शक्यता होत्या. जुन्या औषधाचा उरलेला परिणाम, किंवा आधीपासून आत सुरू असलेला पार्किन्सन, जो औषधाने वेळेआधी उघडा पाडला होता. घरच्यांना मी विहिरीचं उदाहरण दिलं. पाणी हळूहळू खाली जात असलं तरी पंप चालू राहतो, कोणाला कळत नाही. कोणी फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपच्या खालच्या टोकाची झडप, चार हात वर ओढला की पंप हवा खायला लागतो. व्हॉल्व्ह परत खाली सोडला की पाणी सुरू. सगळे म्हणतात विहीर ठीक आहे. पण पाणी उतरायचं थांबलेलं नसतं.

सोळा महिन्यांनी, औषधाविना, एकाच बाजूने वाढत जाणारा त्रास दुसऱ्या शक्यतेकडे झुकत होता. या वेळी स्कॅन मीच सुचवला, कारण आता त्याच्या उत्तरावर पुढची सगळी उपाययोजना अवलंबून होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबईत झाला. डाव्या बाजूच्या पुटामेनमध्ये, म्हणजे हालचाली सांभाळणाऱ्या मेंदूच्या आतल्या भागात, डोपामिनच्या टोकांची नोंद स्पष्ट उतरलेली, उजवीकडे थोडी. उजवा हात डावा मेंदू चालवतो, म्हणजे जुळलं. एमआरआयमध्ये वयाला साजेसं सोडून काही नव्हतं. एवढं असूनही हा स्कॅन पार्किन्सन आणि मल्टिपल सिस्टिम अॅट्रॉफी यांत भेद करत नाही. टोकं झिजली आहेत एवढंच सांगतो. मुलाला वाटलं होतं की रिपोर्टवर आजाराचं नाव छापून येईल.

मग लेवोडोपा पुन्हा, हळूहळू वाढवत दिवसाला ४०० मिलिग्रॅम, जेवणाच्या अर्धा तास आधी. मळमळ टाळायला पहिल्या पंधरवड्यात अगदी कमी. सहा आठवड्यांनी हूक स्वतः लावले. तर्जनीची टकटक पंधरापर्यंत जवळपास सारखी राहिली.

निष्पत्ती

आंतरराष्ट्रीय मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीचे २०१५ चे निकष घेतले तर मंदपणाबरोबर ताठरपणा किंवा स्थिर कंप हवा, आणि बाजूने बोलणाऱ्या निदान दोन गोष्टी हव्यात. काकींकडे तीन आहेत: स्थिर कंप, वास जाणं, लेवोडोपाने ठळक फरक. विरुद्ध बोलणाऱ्या गोष्टी, म्हणजे सुरुवातीलाच पडणं, उभं राहिल्यावर ब्लडप्रेशर कोसळणं, डोळे वर-खाली न फिरणं, अजून एकही नाही. बांबोळीला दाखवलं तेव्हा तिथल्या तज्ज्ञांचंही मत हेच पडलं.

काकींनी विचारलं, "आता तरी नक्की मां?" मी म्हटलं, नव्वद टक्के. त्यांना ते आवडलं नाही. मला रेघ मारलेला कागद आठवत होता.

आता पुन्हा वेळ आली तर

२०२२ मध्ये पार्किन्सन लिहिलं ते उत्तर म्हणून शेवटी बरोबर निघालं, पण त्याचं श्रेय मी घेऊ शकत नाही. कॅप्सूल न पाहता लिहिलं होतं, नाणं उडवल्यासारखं. २०२३ चं "नाही" त्याहून वाईट, कारण तेव्हा माझ्याकडे मनगटाचा अडथळा होता, वासाची गोष्ट कानावर होती, फक्त ती माझ्या गोष्टीत बसत नव्हती.

आता दवाखान्याच्या दाराशी पाटी आहे: घरातल्या सगळ्या गोळ्या, पूड, काढे पिशवीतून आणा, गॅसच्यासुद्धा. माणसं खरंच आणतात. एकाने गुरांच्या औषधाची बाटली आणली होती. खाजकुइलीबद्दल मी कपाळावर आठी न आणता विचारतो, तेव्हाच उत्तर मिळतं. त्रासदायक औषध थांबवताना लेवोडोपा सुरू असेल तर दोन्हींत निदान दोन महिन्यांचं अंतर ठेवीन. सुधारलेल्या रुग्णाच्या कागदावर "नाही" ऐवजी "सध्या लक्षणं नाहीत" लिहीन आणि सहा-सहा महिन्यांनी बोलावीन. २०२३ मध्ये काकींना मी पुढची तारीखच दिली नव्हती. काकांचे कान नसते तर आणखी वर्ष गेलं असतं.

स्कॅन पहिल्याच जानेवारीत करायला हवा होता का, यावर मुलाचं आणि माझं अजून जमत नाही. तो म्हणतो, बावीस महिने वाचले असते. मी म्हणतो, तो उतरलेला आला असता तरी कॅप्सूल थांबवणं हेच पहिलं काम होतं, आणि तेव्हा लेवोडोपा लागतच नव्हता. पण आईला काय झालंय हे त्यांना बावीस महिने आधी कळलं असतं, याला माझ्याकडे उत्तर नाही.

घरी आता मिक्सर आहे. तरी माझ्याकडे यायच्या दिवशी सकाळी काकी अर्धी वाटी आडाळ्यावर खवतात आणि काका पडवीत बसून ऐकतात. गेल्या खेपेला त्यांनी आत येताच खुर्चीवर बसायच्या आधी टेबलावर बोटाने ताल वाजवला. शेवटचे चार-पाच ठोके जरा आखूड होते. दुपारचा डोस अर्ध्या तासाने अलीकडे घेतला.